निळी ताटली

तव्यावर लोणी करपलं की मला नागपूरचं ते फ्रेंच हॉटेल आठवतं. बाबा जवाहरनगरच्या दारूगोळा कारखान्यातल्या नोकरीतून निवृत्त झाले, म्हणून मी आईला आणि त्यांना तिथं जेवायला नेलं होतं. डॉक्टरांनी बाबांचा गहू कायमचा बंद केलेला, त्याचा कणही चालत नसे, आणि हे हॉटेल पथ्याचं जेवण आनंदानं करून देत असे. फोनवर मीच दोनदा बजावलं होतं, "बाबांची भांडी वेगळी, ताट वेगळं, नक्की ना?" आमच्यापुढं पांढऱ्या ताटल्या आल्या, बाबांपुढं निळी. "हे येगळं काहून?" त्यांनी विचारलं. वेटर अदबीनं म्हणाला, "सर, तुमचं सगळं वेगळंच ठेवलंय." लहानपणी आंधळगावात बाबा आजोबांसोबत मालगुजाराकडे, म्हणजे गावच्या जमीनदाराकडे, धान कापायला जात. तिथं आमच्या जातीच्या मजुरांसाठी जर्मनच्या, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या, थाळ्या गोठ्याच्या कोनाड्यात वेगळ्या ठेवलेल्या असत. जेवायचं, आपली थाळी आपणच धुवायची आणि परत तिथंच ठेवायची. हे त्यांनीच मला सांगितलेलं, तरी त्या क्षणी मला आठवलं नाही. मी गव्हाचंच समजावत बसले. "समजलं मले," ते म्हणाले आणि लोण्यातला मासा, बटाटे, सगळं मान खाली घालून संपवलं. मग निळी ताटली उचलून उभे राहिले आणि वेटरला विचारलं, "नळ कुठी आहे जी?" बाबांना जाऊन आता दोन वर्षं झाली. त्यांचा आवाज पुसट होत चाललाय, "ताट वेगळं, नक्की ना?" हा माझा मात्र लख्ख ऐकू येतो.