निळ्या टबातली भाची

माझी भाची सव्वा वर्षाची झाली तरी तिचं जग म्हणजे एक निळा टब होता. मासळीचा. बहीण जेटीवर मासे विकते, भावोजी बोटीवर, सासू हयात नाही. पोरीला ठेवायचं कुठं? म्हणून पहाटे टब धुवायचा, तळाला गोधडी घालायची आणि वर पोर. आजूबाजूला कोयत्या, बर्फ, टेम्पोची चाकं, आणि लगेच पाणी. टबात ती सुखरूप होती. फक्त उभी राहत नव्हती.

मी पत्रकं लिहिते, वाटते, चौकात माईक घेते. ‘बाळाला जमिनीवर मोकळं खेळू द्या’ हे माझंच पत्रक. बहिणीला दिलं तर म्हणाली, “जमीन दाखव गो. ठेवते.”

एका रविवारी गाडीतून एक बाई उतरली. तिची मुलगी आमच्या पोरीच्याच वयाची, पायात पीं-पीं वाजणारे बूट, तुरुतुरु चालत आली. बाई टबात डोकावली.

“अजून उभी राहत नाही? डॉक्टरांना दाखवलंत का? आमची तर कधीच धावायला लागली.”

“धावणारच,” बहीण पापलेट साफ करता करता म्हणाली. “घरात फरशी, मागं धावायला बाई. किती देऊ?”

मी तोंड उघडलं तशी तिनं डोळे वटारले. “गिऱ्हाईक घालवू नको.”

तेव्हा गिळलं ते आता लिहिते. पोर मंद नव्हती. तिला जागा नव्हती, आणि जागा विकत मिळते.

पावसाळ्यात बोटी किनाऱ्याला लागल्या, जाळी जेटीवरच्या शेडमध्ये आली. भावोजी ती दुरुस्त करत बसायचे. मी पोर उचलली आणि जाळ्याच्या ढिगावर ठेवली. ती टबाकडे हात करून रडली. टबाकडे! अजून आठवलं की डोकं फिरतं. मग वाशाला टांगलेल्या जाळ्यात तिची बोटं अडकली. तिनं ओढलं, आपटली, परत ओढलं.

“ही फाडील सगळं,” भावोजी म्हणाले, आणि जाळं जरा खाली सोडलं.

नारळीपौर्णिमेपर्यंत ती जाळं धरून उभ्यानं शेडभर सरकत होती.

मग बोटी गेल्या. जाळी गेली, भावोजी गेले, शेडमध्ये बर्फाचे खोके आले. पोर परत टबात. पाळणाघराला एक खोली द्या म्हणून मी बंदराच्या ऑफिसात गेले. तिथला साहेब हसला. “इथं मासळी ठेवायला जागा नाही, मुलं कुठं ठेवता?”

काल सकाळी लिलाव चालू होता. भाची टबाची कड धरून उभी राहिली आणि बघता बघता एक पाय बाहेर टाकला. मी टाळ्या वाजवल्या. बहिणीनं कोयती टाकली, धावली, पोरीला छातीशी धरलं. पाण्याकडे बघत म्हणाली, “आता हिला कशात ठेवू गो?”

मी पोर कडेवर घेतली. ती खाली उतरायला पाय झाडत होती.