कॅप्टन हॅलक्रोंचा कायदा

कॅप्टन मॅग्नस हॅलक्रो ओटागो वसाहतीच्या विधिमंडळात निवडून आले ते एकाच कायद्यासाठी. जहाजावर ताप असेल, तर त्यातल्या प्रत्येकाने चाळीस दिवस बंदराबाहेरच्या बेटावर राहायचं. सूट कोणालाच नाही. एवढा हट्ट कशासाठी, ते फक्त मला ठाऊक होतं. मी, पीटर ड्रेव्हर, त्यांच्या जहाजावर दुय्यम अधिकारी होतो.

पाच वर्षांपूर्वी स्कॉटलंडहून वसाहतीत राहायला माणसं आणताना वाटेत दोन पोरं तापानं गेली. बंदरात डॉक्टरनं विचारलं, तेव्हा कॅप्टन म्हणाले, "सगळे ठणठणीत आहेत." मीही मान डोलावली. महिन्याभरात गावातली अकरा मुलं दगावली. कॅप्टननी जहाज विकलं आणि दोरखंड-शिडांचं दुकान टाकलं.

कायदा झाला त्याच हिवाळ्यात त्यांची मुलगी इझबेल आजीकडून जहाजानं परत आली. त्या जहाजावर तापाचा पिवळा बावटा होता.

"एक चिठ्ठी लिहा," त्यांची बायको जीन म्हणाली. "आपली पोर तेवढी आणा."

"आणि बाकीच्यांच्या पोरींचं काय?"

"मला बाकीच्यांचं सांगू नका!"

नवव्या दिवशी मी त्यांना होडीतून बेटाजवळ नेलं. इझबेल शाल गुंडाळून काठावर आली.

"बाबा, इथं फार गारठा आहे हो! कधी नेणार?"

"अजून एकतीस दिवस, पोरी."

"तुम्हीच ना तिकडचे मोठे? सांगा ना त्यांना!"

कॅप्टन मला म्हणाले, "वळव होडी, ड्रेव्हर."

सोळाव्या दिवशी ती बेटावरच तापानं गेली.

सभागृहात दुखवट्याचा ठराव आला. कॅप्टनच्या न्यायबुद्धीचं कौतुक चाललं होतं, तोच ते उठले.

"पुरे. माझ्या जहाजावरही ताप होता. मी खोटं बोललो. तुमची ती अकरा पोरं माझ्यामुळे गेली."

प्रेक्षकांत टलक बेकरीवाला बसला होता. त्या अकरांत त्याच्या दोन मुली होत्या. त्यानं टोपी डोक्यावर ठेवली आणि बाहेर पडला.

कॅप्टननी राजीनामा दिला. जीन बहिणीकडे नेल्सन गावी गेली, ती परत आलीच नाही. दुकानाकडे कोणी फिरकेना. टलकनं त्यांना पाव देणं बंद केलं, म्हणून मीच दोन घेई आणि एक त्यांच्या दारी नेई. ते दार उघडत, पाव घेत. आत ये, असं कधी म्हणाले नाहीत.

सहा वर्षं हे चाललं. एका सकाळी खूप ठोठावलं, तरी दार उघडलं नाही.