टोपी

शेजारच्या घरी दोन मुलगे, म्हणून भाऊबीजेला दरवर्षी त्यांची आतेबहीण ओवाळायला येते. यंदा तिचं ओवाळून झालं आणि सात वर्षांच्या धाकट्यानं तबक उचललं.

"आता दादाला मी ओवाळणार. मी त्याची बहीण आहे."

त्याच्या आईनं हळूच विचारलं, "हे तुला कुणी शिकवलं?"

फराळाची ताटली हातात धरून मी आठवत राहिले, मी मुलगी आहे हे मला कुणी शिकवलं होतं? कुणीच नाही. ते आपलं ठाऊकच होतं.

तबकातल्या निरांजनाची ज्योत थरथरत होती. दहा वर्षांच्या दादानं काढून ठेवलेली टोपी पुन्हा डोक्यावर घातली आणि तो पाटावर जाऊन बसला.