डावीकडचे शब्द

रविवारच्या पुरवणीतलं गूढ शब्दकोडं मी कित्येक वर्षं सोडवतोय, पण एकट्याने क्वचितच. अडलो की धुळ्याला नानांना फोन करायचा. नाना म्हणजे असोद्याच्या आमच्या शाळेतले निवृत्त मराठीचे शिक्षक. मी नोकरीला लागलो तेव्हा शेजारच्या वर्गावर असायचे. उत्तर ते कधीच सांगत नसत. "सूचनेचे दोन तुकडे पाड. एकात अर्थ असतो, दुसऱ्यात खेळ," एवढंच म्हणायचे.

मागच्या हिवाळ्यात माझं अडणं वाढलं. आधी एखाददुसरी सूचना राहायची, आता निम्मं कोडं कोरं राहू लागलं. कोडं रचणारा बदलला असेल, असं मी धरून चाललो. त्याच दिवसांत माझ्या हाताचा धक्का लागून घरात दोन कप फुटले, मोटरसायकलचा डावा आरसा फाटकाला घासून तुटला. बायको म्हणाली, "चटणी-कोशिंबीर आवडत नाही का आता? ताटाची डावी बाजू तशीच ठेवून उठता." मी हसण्यावारी नेलं. वर्गातली एक मुलगी म्हणाली, "सर, आमच्या रांगेकडे तुम्ही बघतच नाही." तिला मी दटावलं. त्याची अजून लाज वाटते.

एका रविवारी सकाळी सात सूचना अडल्या. नानांना फोन लावला.

"वाच पहिली."

"परवानगी निघाली. दोन घरं."

पलीकडे कागद सळसळला. तोच पेपर त्यांच्याकडेही येतो.

"पुन्हा वाच."

वाचली.

"घरं किती म्हणालास?"

"दोन."

"बोट ठेवून मोज."

बोट ठेवून मोजली. दोनच होती.

नानांनी पुन्हा आपला पेपर सळसळवला. मग हळूच म्हणाले, "पेपर उजव्या हाताला सरकव. आणखी. आता वाच."

मी सरकवला. ओळीच्या सुरुवातीला दोन शब्द उगवले, कुणी आत्ताच छापावेत तसे. 'डोकं गमावलेली परवानगी निघाली.' आणि घरं तीन होती.

परवाना. पहिलं अक्षर उडवलं की रवाना. एरवी असं काही सुटलं की मी खुशीत टाळी वाजवतो. त्या दिवशी टाळी वाजलीच नाही. दुसरी सूचना तशीच सरकवून बघितली, तिसरी बघितली. प्रत्येकीच्या डावीकडे शब्द निघत होते.

"हाऊ घोळ कोडाना नही शे, भाऊ," नाना म्हणाले. शुद्ध बोलण्याचा आग्रह धरणारे नाना माझ्याशी अहिराणीत बोलले ते तेवढं एकदाच. लगेच सावरून म्हणाले, "घोळ कोड्यात नाही. आज गाडीला हात लावू नकोस. बायकोकडे फोन दे."

दुपारच्या एसटीने ते जळगावला आमच्या घरी आले. सोमवारी डॉक्टरांनी कागदावर एक आडवी रेघ काढली. "बरोबर मध्यावर खूण करा." मी डोळे बारीक करून, नीट अंदाज घेऊन खूण केली. शेजारी बसलेल्या नानांनी ती पाहिली आणि तोंड खिडकीकडे फिरवलं.

मेंदूत उजवीकडे, मागच्या बाजूला, म्हणजे डावीकडचं जिथून दिसतं तिथेच, बोराएवढी गाठ होती.

ऑपरेशन झालं. गाठ बरीचशी निघाली, सगळी निघण्यासारखी नव्हती. मी मान मुद्दाम डावीकडे वळवायला शिकलो. शाळेत आता बसने जातो. रविवारी नानांना फोन केला की ते सूचनेआधी घरं विचारतात. बरोबर सांगितली की नुसतं "हं" म्हणतात. त्या "हं"साठी मी आठवडाभर थांबतो, आणि तो रविवार जवळ आला की झोप उडते.

दर तीन महिन्यांनी तपासणी असते. परवाच्या वेळी डॉक्टरांनी नवी फिल्म उजेडासमोर धरली, जुनी तिच्याशेजारी धरली. मग त्यांनी दुसऱ्या डॉक्टरांना आत बोलावलं. दोघं पाठमोरे उभे राहून बोटाने काहीतरी दाखवत होते.

"काही आहे का?" मी विचारलं.

"पुढच्या आठवड्यात पुन्हा या," ते म्हणाले. "आणि घरचं कुणीतरी सोबत आणा."

बायको दाराबाहेरच बसली होती. ती बाहेर आहे हे मी डॉक्टरांना सांगितलं नाही.