आज शिखर दिसतं

या गावाला जन्म दिला रेल्वेने, आणि तोही नाइलाजाने. आधी इथे होतं काय? झाडं, धुकं आणि शेळ्या राखणारी चार घरं. लाकूड खाली न्यायला रेल्वे कंपनीने डोंगर पोखरून रूळ टाकले. वीस वर्षांत लाकूड संपलं, रूळ राहिले. एवढ्या खटाटोपाने टाकलेले रूळ काही कुणी उपटून नेत नाही. तेव्हा कुणा साहेबाच्या डोक्यात आलं, की लाकडं खाली आणत होतो, आता माणसं वर नेऊ. माणसं वर कशाला येतील? तर समोर बर्फाचं शिखर आहे, ते बघायला. मग शिखराकडे तोंड करून हॉटेल उभं राहिलं, हॉटेलपुढे मोठी गच्ची आली, गच्चीवर बाकं आली, आणि बाकांच्या मागून दुकानं, घोडेवाले, फोटोवाले असं अख्खं गाव आलं.

माणसंही आली. दोन तास गाडीत हाडं खिळखिळी करून घेत वर यायची, गच्चीवर धुकं बघायची आणि तणतणत परत जायची. तक्रारींचा पाऊस पडला. तेव्हा कंपनीने एक जागा काढली. गच्चीच्या टोकाला लाकडी टपरी बांधली, टपरीत टेलिफोन ठेवला आणि टेलिफोनपाशी एक माणूस बसवला. त्याचं काम एकच. रोज सकाळी साडेसहाला समोर बघायचं, आणि खालच्या जंक्शनला कळवायचं, शिखर दिसतं की नाही. खाली ते बोर्डावर लिहीत. बोर्ड वाचून लोक तिकीट काढत.

या जागेवरचा शेवटचा माणूस म्हणजे आपले दुर्बीणमामा. नाव गावाने ठेवलेलं, आणि गावाची अक्कल बघा, मामांनी उभ्या जन्मात दुर्बिणीला हात लावला नव्हता. नियमच तसा होता. बघायचं ते नुसत्या डोळ्यांनी, कारण पाहुणेही नुसत्या डोळ्यांनीच बघणार. आणि धुकं लबाड असतं, क्षणभर बाजूला होतं नि पुन्हा दार लावून घेतं. म्हणून बघताना एक ते शंभर आकडे मोजायचे. शंभराच्या आत शिखराची कड एकदा तरी पुरी दिसली, तर ‘दिसतं’. नाहीतर ‘नाही’. अधलंमधलं काही नाही. एकदा मॅनेजर म्हणाला, “मामा, अर्धं दिसलं तरी दिसतं म्हणा की. हॉटेल रिकामं आहे.” मामा म्हणाले, “अर्धं म्हणजे नाही.” मॅनेजर आठवडाभर बोलला नाही. मामांना ते कळलंसुद्धा नाही.

एकतीस वर्षं हे चाललं. हॉटेलच्या धोबीखान्यामागे एक खोली होती, तिथे मामा राहत. भिंतीपलीकडे बंब, त्यामुळे थंडीत ऊब फुकट. एक खाट, एक खुर्ची, दोन कप. दुसरा कप कशाला, असं कुणी विचारलं नाही, कारण त्या खोलीत कुणी येतच नव्हतं. मामांशी सगळं गाव बोलायचं, पण एकच वाक्य. “काय मामा, दिसणार का उद्या?” उत्तर घ्यायचे आणि चालू पडायचे. तसं म्हटलं तर रोज भेटणारा माणूस एकच होता, तोही तारेवर. जंक्शनच्या चौकशीच्या खिडकीतला कारकून. मामा त्याला ‘खालचा’ म्हणत. नऊ वर्षं रोज बोलणं व्हायचं ते एवढंच:

“वरून बोलतोय. दिसतं.”

“दिसतं. लिहिलं.”

की फोन बंद. दोघांनी एकमेकांचं तोंड पाहिलेलं नव्हतं.

आता मामा जन्मापासूनच असे एकटे नव्हते. बायको होती, गाव तिला मामी म्हणायचं. एक लेक होती. लहानपणी ही पोरगी सकाळी वडिलांबरोबर टपरीत येऊन बसायची, त्यांच्याबरोबर शंभर मोजायची आणि ऐंशीच्या पुढे नेहमी घाई करायची. “सावकाश,” मामा म्हणायचे, “शिखर कुठे पळून जात नाही.” टपरीची किल्ली छपराखालच्या खिळ्याला असायची, ती काढून द्यायचं काम तिचं. पुढे शिकायला ती खाली गेली, स्टेशनजवळच्या शाळेत नोकरीला लागली, तिथेच राहिली. आणि अकरा वर्षांपूर्वी मामी आजारी पडली, तेव्हा तिनेच आईला खाली दवाखान्यात नेलं.

नेमके स्वच्छ हवेचे दिवस. रोज शिखर दिसत होतं, रोज गाड्या भरून येत होत्या. मामांनी रजा मागितली. मॅनेजर म्हणाला, “एवढा रविवार जाऊ द्या. तुमच्या जागी बसवू कुणाला?” मामांनी रविवार जाऊ द्यायचं ठरवलं. मामी शुक्रवारी सकाळीच गेली.

सगळं आटोपल्यावर लेक रडली नाही, ओरडली नाही. तिने फक्त सांगितलं. दवाखान्याच्या खिडकीतून स्टेशनचा बोर्ड दिसायचा. मामी सकाळी उठून आधी तो बघायची. ‘दिसतं’ असं लिहिलेलं असलं की म्हणायची, “आज गर्दी असणार ग वर. आज नाही यायचे ते. ज्या दिवशी ‘नाही’ असेल, त्या दिवशी येतील.” अशी नऊ दिवस वाट बघत होती.

“एक दिवस खोटं बोलला असता, बाबा,” लेक म्हणाली. “एकदा ‘नाही’ म्हणाला असता, तर काय आभाळ कोसळलं असतं? आता येऊ नका. तेव्हा नाही आलात, आता कशाला?”

मामा म्हणजे नियमाचा माणूस. लेक म्हणाली येऊ नका, तर हा गृहस्थ अकरा वर्षं गेला नाही. अहो, रागावलेली लेक ‘येऊ नका’ म्हणते, तेव्हा बापाने जायचं असतं, एवढंही या माणसाला समजू नये? दुसरा कुणी असता तर त्याच आठवड्यात दारात जाऊन बसला असता. मामांनी तो हुकूम मानला. एक गोष्ट मात्र त्यांनी मनाशी धरून ठेवली होती. लेकीची शाळा स्टेशनपलीकडे. रोज सकाळी तिला बोर्डावरूनच जावं लागणार. म्हणजे आपला शब्द रोज तिच्या डोळ्यांखालून जातो. बाप जिवंत आहे, हे तिला रोज कळतं. ज्या शब्दाने घर मोडलं तोच शब्द रोज पाठवायचा, याचं त्यांना वाईट वाटायचं. तरी पाठवायचे. दुसरा शब्द त्यांच्याकडे नव्हता.

आणि मग हॉटेलच्या छपरावर कॅमेरा बसला. घरबसल्या कुणालाही मोबाइलवर शिखर दिसायला लागलं. मामांच्या हातात पत्र आलं, की जागा रद्द, महिनाअखेर खोली रिकामी करावी. मॅनेजरने खांद्यावर हात ठेवला, हार घातला, फोटो काढला. टेलिफोनची तार पुढच्या आठवड्यात काढणार होते. किल्ली कुणाकडे द्यायची हे पत्रात नव्हतं, म्हणून मामांनी ती खिळ्यालाच ठेवली.

शेवटच्या सकाळी त्यांनी ठरवलं होतं, की आज खालच्याला सांगायचं. उद्यापासून मी नाही. नऊ वर्षं ऐकलंस, बरं वाटलं. मनात दोनदा वाक्य जुळवलं. फोन लागला.

“वरून बोलतोय. दिसतं.”

“दिसतं. लिहिलं.”

मामांनी तोंड उघडलं, तोवर फोन बंद झाला होता.

दुसऱ्या दिवशी साडेसहाला ते खोलीत खुर्चीवर बसून होते. सवयीने खिडकीतून पाहिलं. आभाळ धुतल्यासारखं, शिखर लख्ख. कळवायचं कुणाला? आज पहिल्यांदा लेकीला बापाचा शब्द मिळणार नव्हता, आणि ते काही मामांना सोसेना. काय वाटेल तिला? की काहीच नाही वाटणार? या दुसऱ्या विचाराने ते उठले. कोट घातला आणि आठची गाडी पकडून निघाले. जागा मागायची नव्हती, आसरा मागायचा नव्हता. दारात उभं राहून ‘चुकलं माझं’ एवढं म्हणायचं होतं. दार उघडलं तर.

मधल्या थांब्यावर वर जाणारी आणि खाली येणारी गाडी शेजारी शेजारी उभी राहते. खिडकीला खिडकी लागते. दोन मिनिटं पलीकडचा माणूस इतका जवळ असतो, की हात पुढे केला तर चहाचा कप देता येईल. मामा दुसऱ्या बाजूच्या खिडकीत बसले होते. तिकडून शिखर दिसत होतं, आणि ते शिखराकडे बघत होते.

दहाला जंक्शन आलं. मामा उतरले आणि आधी बोर्ड शोधायला लागले. बोर्ड नव्हता. त्या जागी मोठा पडदा होता आणि पडद्यावर एक बाई साबणाने तोंड धूत होती. मामा पुढे गेले, मागे आले, सगळा प्लॅटफॉर्म धुंडाळला. शेवटी चौकशीच्या खिडकीपाशी गेले. आत चष्मा लावलेला, पन्नाशीचा एक माणूस बसला होता.

“इथे बोर्ड होता,” मामा म्हणाले. “शिखराचा.”

माणूस खुर्चीतून उठलाच. “तुम्ही वरून बोलताय,” तो म्हणाला. चेहऱ्याने नव्हे, आवाजाने ओळखलं त्याने. “अहो, मला वाटलं आजारी बिजारी पडलात. आज फोन नाही.”

“बोर्ड कुठे आहे?”

खालच्याने मान खाली घातली. “बोर्ड काढून सहा वर्षं झाली, मामा. तुम्हाला कुणी कळवलंच नाही का? हुकूम बोर्डाचा आला. फोन घेऊ नका, असा नाही आला. तुम्ही फोन करत होता, मी घेत होतो.”

मामा खिडकीचा कट्टा धरून उभे राहिले. सहा वर्षं. सहा वर्षं रोज सकाळी आपण या एका खोलीत बोलत होतो, आणि तिथून पुढे काही जातच नव्हतं. लेकीला काही कळत नव्हतं. कुणालाच काही कळत नव्हतं.

“मग ‘लिहिलं’ म्हणत होतात ते?”

“खोटं नाही बोललो. लिहायचो.” खालच्याने एक वही पुढे केली. “एक बाई येते ना विचारायला, म्हणून. शाळेत जाताना, पावणेआठला. बोर्ड काढला त्या दिवसापासून येते. तिकीट काढत नाही, काही नाही. ‘आज काय म्हणाले?’ एवढंच विचारते. सांगितलं की जाते. सुट्टीच्या दिवशीसुद्धा येते.”

मामांनी वहीचं शेवटचं पान उघडलं. विचारलं, “आज?”

“आज म्हटलं, बाई, फोनच आला नाही. नऊ वर्षांत पहिल्यांदा. तर रंगच उडाला तिचा. पडद्यावर शिखर दिसतंय म्हटलं, तर तिकडे बघितलंसुद्धा नाही. आठच्या वर जाणाऱ्या गाडीचं तिकीट काढलं आणि पळत गेली.” मग खालच्याला काहीतरी उमगलं. त्याने मामांकडे नीट पाहिलं, टेलिफोन उचलून कट्ट्यावर ठेवला आणि स्वतःच नंबर फिरवला. “टपरीत लागतोय अजून,” तो म्हणाला.

घंटी वाजत राहिली. मामांच्या डोळ्यांपुढे ती रिकामी टपरी होती. मग पलीकडे कुणीतरी फोन उचलला. किल्ली कुठे असते हे ठाऊक असलेलं माणूस जगात दुसरं कोण होतं? मागून गच्चीवरचा गलका ऐकू येत होता.

“कोण?”

“मी,” मामा म्हणाले.

तिने आवाज ओळखला. मग, “कुठे आहात तुम्ही? खोलीला कुलूप आहे. कुणाला काही माहीत नाही. मला वाटलं...”

“मी खाली आलोय.”

“खाली?” लेकीचा आवाज एकदम लहान झाला. “तुम्ही खाली गेलात?”

“तुझ्याकडेच आलो होतो. उशीर झाला मला. फार उशीर झाला ग.”

‘चुकलं माझं’ हे काही म्हणता येईना. काहीतरी बोलायला हवं होतं, नाहीतर फोन बंद होईल अशी भीती वाटली, आणि मामांच्या तोंडून जन्मभर घोटलेलं तेवढंच निघालं. “शिखर दिसतं का?”

ती मोजत होती. हळू, ओठांतल्या ओठांत, लहानपणी मोजायची तशी. मामा कानाला फोन लावून उभे होते. तिच्या मागे गच्चीवर माणसं ओरडत होती, ते बघा, ते बघा, किती स्पष्ट दिसतंय, अहो फोटो काढा. एक पोर टाळ्या पिटत होतं. ऐंशीच्या पुढे तिने या वेळी घाई केली नाही.

“नाही,” लेक म्हणाली. “नाही दिसत, बाबा. आज कोणी नाही इथे. तुम्ही या.”

मामांनी फोन खाली ठेवला. खालचा पेन उघडून थांबला होता.

“लिहा,” मामा म्हणाले. “नाही दिसत.”

खालच्याने मान वर करून पडद्याकडे पाहिलं, तिथे आता शिखर उन्हात चमकत होतं. मग त्याने वहीत ‘नाही’ लिहिलं आणि मामांना वर जाणाऱ्या गाडीचं तिकीट फाडून दिलं.