सलामीच्या दोन जागा

तुमची आई भारताच्या संघात का गेली नाही, असं तुम्ही फोनवर विचारलंत तेव्हा मी विषय बदलला. आता ही तुमची आजी लिहूनच सांगतेय.

तेव्हा आम्ही नुकतेच दिल्लीतलं आर. के. पुरमचं सरकारी क्वार्टर सोडून मयूर विहारच्या सोसायटीत आलो होतो. इमारतीत केबल आली होती, खाली नव्या मोटारी उभ्या राहू लागल्या होत्या. आमच्या घरात मात्र नोकरी म्हणजे सरकारीच. तुमची आई कॉलेजच्या संघात यष्टिरक्षक होती. फलंदाजीला सहावी किंवा सातवी जायची. सलामीला दोनदाच गेली होती, तीही कोणी आजारी पडलं म्हणून.

महिलांच्या राष्ट्रीय संघासाठी दिल्लीत निवड चाचणी होणार, असं पत्रक कॉलेजात आलं. दोन सलामीच्या फलंदाज आणि एक यष्टिरक्षक हवी होती. फॉर्मवर ‘मुख्य भूमिका’ असा एकच रकाना होता.

फॉर्म भरायला मी बसले, कारण घरात माझं अक्षर बरं. तुमचे आजोबा मंत्रालयात आस्थापना विभागात होते. त्यांनी पत्रक दोनदा वाचलं.

“ओपनर लिही,” ते मला म्हणाले. “दोन जागा आहेत. कीपरची एकच.”

“पण बाबा, मी कीपर आहे!”

“अगं, आधी आत तर शीर. मग पोस्टिंग बदलून घेता येतं.”

“हे काय तुमचं मंत्रालय आहे का, यार?”

“वडिलांना यार म्हणू नये,” मी म्हटलं आणि ओपनर लिहिलं. मला त्यांचं पटलं होतं. आमच्या ओळखीत सगळ्यांनी असंच केलं होतं. जिथे जागा जास्त तिथे अर्ज, बदलीची खटपट नंतर.

चाचणीला मी बरोबर गेले. नव्या चेंडूसमोर ती चार चेंडू टिकली, पाचव्याला त्रिफळा उडाला. मग यष्टिरक्षकांना बोलावलं, तशी ती ग्लोव्ह्ज घालून पुढे झाली. निवड समितीतल्या बाईंनी हातातला कागद पाहिला.

“बेटा, फॉर्म में तो ओपनर लिखा है.”

“मॅडम, बस पाँच मिनट.”

“सबको पाँच मिनट दूँगी तो शाम यहीं हो जाएगी. चलो, बैठो.”

ती माझ्याशेजारी येऊन बसली. ग्लोव्ह्ज काढले नाहीत. समोर चौघी जणी आळीपाळीने यष्टींमागे उभ्या राहिल्या. “ही लेगला उशिरा सरकतेय,” एवढंच ती एकीबद्दल म्हणाली. निवड त्याच मुलीची झाली.

घरी आल्यावर आजोबा म्हणाले, “आपण समितीला एक निवेदन देऊ.”

“नको, बाबा.”

पुढच्या वर्षी पुन्हा पत्रक आलं. निवडलेली मुलगी चांगली खेळत होती, त्यामुळे यष्टिरक्षक नको होती. सलामीची एक जागा होती. आजोबांनी पत्रक आणि फॉर्म जेवणाच्या टेबलावर ठेवले आणि पेपर उघडला. मी पेन काढलं नाही. तुमच्या आईने उभ्या उभ्याच पत्रक वाचलं. दुसऱ्या दिवशी तिने फॉर्म कोराच कॉलेजात परत नेऊन दिला.