एकशे बारा पुस्तकांतलं एक

हणमंतमामांना धड झोप लागत नाही, धड जागंही राहवत नाही. दुपारचे तीन वाजले आहेत. माडीवरच्या खोलीत, भाच्याच्या, सुहासच्या, पलंगावर ते आडवे झाले आहेत आणि छातीवर एक जाडजूड पुस्तक मिटून ठेवलं आहे. पाच वाजता सुहासचे चार मित्र टेम्पो घेऊन येणार आणि कपाट रिकामं करून पुस्तकं नेणार. तसं मामांनीच सांगितलंय. फक्त एक पुस्तक ठेवून घेईन म्हणाले, सुहासचा हात ज्यात सगळ्यात जास्त फिरला असेल ते.

तेच सापडत नाही, म्हणून सकाळपासून त्यांचं डोकं फिरलं आहे.

सुहासला जाऊन दोन वर्षं झाली. बस स्टॉपवर उभा होता, तिथेच कोसळला. त्याआधी दर रविवारी तो आणि मित्र या खोलीत टेबलाभोवती एक खेळ खेळत. पट नाही, सोंगट्या नाहीत. सुहास गोष्ट सांगायचा, बाकीच्यांपैकी कोणी चोर, कोणी वैद्य, कोणी सरदार व्हायचं, आणि पुढे काय होणार ते वीस बाजूंचा फासा ठरवायचा. त्या खेळाची ही पुस्तकं. एकशे बारा. सगळी इंग्रजी, रंगीत, पाटासारखी जड.

मामांना इंग्रजी येत नाही. मराठी अक्षरंही पन्नाशीत आली, तीही या सुहासनेच शिकवली. पण चाळीस वर्षं पुस्तकबांधणी केलेल्या माणसाला पुस्तक वापरलंय की नाही हे कळायला वाचावं लागत नाही. पुस्तक पाठीवर उभं धरायचं आणि दोन्ही पुठ्ठे सोडून द्यायचे. जिथे वाचणाऱ्याचा हात सारखा गेलाय, तिथेच ते उघडतं.

सकाळपासून एकशे बारा वेळा पुठ्ठे सोडले. एकही पुस्तक ठरल्या जागी उघडलं नाही. पाठी कडक, कोपरे कोरे, कुठे पान दुमडलेलं नाही की चहाचा डाग नाही. काहींची पानं तर अजून एकमेकांना चिकटलेली.

"खाली टाकू नको, पुठ्ठा दबेल," सुहास म्हणतो.

तो पलंगाच्या कडेला बसला आहे. अंगात नेहमीचाच निळा शर्ट, बटण एक घर चुकलेलं.

"दबू दे," मामा म्हणतात. "कोण उघडणार आहे? सुहाश्या, खरं सांग. यातली किती वाचलीस?"

"वाचली म्हणजे?"

"वाचली म्हणजे वाचली. मला शब्दांत गुंडाळू नको."

सुहास मान खाजवतो. "एकातली नऊ पानं. आणि दुसऱ्या एकातला नकाशा."

मामा उठून बसतात. आता पलंग नाही. ते त्यांच्या जुन्या दुकानात आहेत, खळीचा आंबट वास आहे, कटिंग मशीनवर पुस्तकांची चळत आहे. शेल्फवर मात्र तीच एकशे बारा.

"नऊ पानं," मामा म्हणतात. "मी अक्षर कळत नसताना लोकांची पुस्तकं शिवली. छापलेल्या कागदाचा एकेक फर्मा दुमडताना वाटायचं, यात काय असेल. आणि तू अक्षर कळून ती उघडली नाहीस. मग आणलीस कशाला? मुंग्यांना वारूळ म्हणून?"

"वाचीन म्हटलं होतं. कधीतरी."

"कधीतरी."

"मामा, ते लाल कातडं वापरलंस का?"

 मामांच्या स्वतःच्या कपाटात, वरच्या कप्प्यात, मलमलीत गुंडाळलेला लाल कातड्याचा तुकडा आहे. एखाद्या खास पुस्तकाला घालायचा म्हणून वीस वर्षं ठेवलेला.

"त्याच्या जोगं पुस्तक आलं नाही," मामा म्हणतात.

"हां. माझ्याकडेही तसा रविवार आला नाही."

"माझंच उलटून मला ऐकवू नको. खेळायचास ते मग कशावरून?"

सुहास दुकानाचं शटर वर ढकलतो. शटरमागे रस्ता नाही, दगडी वेस आहे, आणि वेशीबाहेर चौघे मित्र गुडघाभर चिखलात उभे आहेत. मामांच्या हातात काठी आहे. त्यांना आठवतं. एका रविवारी चौघांतला फारूक उशिरा येणार होता, म्हणून चहा ठेवणाऱ्या मामांनाच सुहासने त्याच्या जागी खेळायला बसवलं आणि वेशीचा पहारेकरी केलं.

"तीन तास आत सोडलं नाहीस कोणाला," सुहास हसतो. "फारूक आला तोही बाहेरच. मेघनाने राजाचं पत्र दाखवलं, तर म्हणालास, मला वाचता येत नाही, राजालाच घेऊन या."

"पहारेकऱ्याला कुठे वाचता येतं? मी बरोबर केलं."

"त्या दिवशी एकही पुस्तक उघडावं लागलं नाही."

"म्हणजे सगळी फुकट."

"असं कुठे म्हटलं मी?"

"मग काय म्हणतोस ते सरळ म्हण ना." मामांचा आवाज चढतो आणि मधेच बसतो. "पाच वाजता नेतील रे सगळी. मला तुझा हात लागलेलं एक हवंय. एक. कुठलं ते सांग."

 सुहासने एक पुस्तक मांडीवर घेतलं आहे आणि बोलता बोलता एका पानाचा कोपरा दुमडतो आहे, लहानपणी दुमडायचा तसा, नखाने घडी दाबत.

मामा त्याच्या हातावर चापट मारतात. "कितीदा सांगितलं, पान दुमडायचं नाही."

हात गार आहे. वेशीबाहेरून कोणीतरी हाका मारतंय.

खाली बेल वाजते आहे. मामा डोळे उघडतात. उन्ह पलंगाच्या पायाशी आलं आहे, पुस्तक छातीवरून घसरून कुशीत पडलं आहे. ते उठतात, पुस्तक मांडीवर पाठीवर उभं धरतात आणि पुठ्ठे सोडून देतात.

ते मधोमध उघडतं. उजव्या पानाचा कोपरा दुमडलेला आहे, घडी नखाने दाबलेली.

पानावर चित्र नाही. बारीक अक्षरांचे दोन रकाने, मामांना एकही शब्द लागत नाही.

"मेलास तरी सरळ बोलला नाहीस," ते पुटपुटतात.

सवयीने त्यांचा अंगठा घडी सरळ करायला जातो. घडीपाशी थांबतो.

"मामा, येऊ का वर?" फारूक खालून विचारतो. "किती आहेत एकूण?"

मामा पुस्तक तसंच, कोपरा न उलगडता मिटतात आणि उशीखाली सरकवतात.

"एकशे अकरा," ते म्हणतात. "या."